वाचक विचारतात : गेंट नावाच्या गावाचा लळा

गेल्या अंकात मी गेंटबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. बेल्जियममधलं जुनं विणकरांचं शहर, मी तिथं तीन वर्षं कामाला होतो, परत सोलापूरला येऊन बरीच वर्षं झाली तरी ते गाव डोक्यातनं जात नाही, तिथले लोक वर्षातून एकदा गळ्यात फास अडकवून मिरवणूक काढतात, जुन्या मिलचं म्युझियम केलंय, एवढंच लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार घेतोय. एक सांगून टाकतो, इंग्रजीत गेंट म्हणतात पण तिथले लोक घशातनं ख काढून ‘खेंट’ म्हणतात, मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही, म्हणून इथं गेंटच लिहितोय.

प्रश्न : दादा, मी बाळीवेशीतली. गेंटला दोन वर्षं एमएस्सी करून मागच्या वर्षी परत आले, आता इथंच जॉब करते. रात्री झोप नाही आली की मी मोबाईलवर तिथल्या घंटांचं रेकॉर्डिंग लावते, मीच केलेलं, मध्येच सायकलची घंटी पण येते त्यात. घरचे म्हणतात एवढंच होतं तर तिकडंच राहायचं की. आई म्हणते सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बस, बरं वाटेल. मला सोलापूर आवडत नाही असं अजिबात नाही, पण परक्या गावाचा एवढा लळा लागणं चूक आहे का, आपल्या गावाशी बेईमानी आहे का ही?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली ती सायकलची घंटी वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. ते रेकॉर्डिंग डिलीट करू नका, कुणी कितीही चिडवलं तरी.

माझं सांगतो. मी नोव्हेंबरात पोचलो, साडेचार-पाचलाच अंधार, बारीक पाऊस, आणि पहिल्याच आठवड्यात चुकून एका गल्लीतनं बाहेर आलो तर समोर किल्ला. डोंगरावर नाही, गावाबाहेर नाही, ऐन बाजारात, बाजूनं ट्राम चाललीय, खाली पाणी, आणि त्या पाण्यात भिंतीची सावली. ग्रावेनस्टेन त्याचं नाव, म्हणजे सरदाराचा दगडी वाडा म्हणा, फ्लँडर्सच्या फिलिप नावाच्या सरदारानं ११८० मध्ये बांधलेला. मी सोलापूरचा माणूस, भुईकोट किल्ला आणि त्याला लागून सिद्धेश्वराचं तळं बघत शाळेत गेलेला, मला काय झालं असेल बघा. परका देश, भाषेचा एक शब्द कळत नाही, आणि समोर बघतो तर आपल्या गावासारखीच मांडणी, किल्ला पाण्याकाठी आणि गाव त्याच्याभोवती. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा आईला पहिलं हेच सांगितलं, थंडीबिंडी नंतर.

मग हळूहळू कळत गेलं की साम्य मांडणीपुरतं नाहीये. गेंट हे मुळात लोकरीच्या कापडावर उभं राहिलेलं गाव, चौदाव्या शतकात तिथं साठेक हजार माणसं राहत होती, त्या काळात उत्तर युरोपात पॅरिस सोडलं तर एवढं मोठं शहर सापडायचं नाही, आणि त्यातली मोठी वस्ती विणकर आणि त्यांच्यासोबतचे कारागीर. लोकर यायची इंग्लंडमधनं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या भांडणात ती बंद झाली की माग बंद, माग बंद की चूल बंद. तेव्हा याकोब व्हान आर्तेवेल्डे नावाचा पुढारी उभा राहिला, त्यानं सरळ इंग्लंडच्या राजाशी बोलणी करून लोकर परत सुरू केली, आणि १३४० मध्ये त्याच राजानं, तिसऱ्या एडवर्डनं, स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतलं ते या विणकरांच्याच गावातल्या शुक्रवार बाजारात. पाच वर्षांनी त्याच आर्तेवेल्डेला गावातल्याच जमावानं ठार मारलं. आता त्याचा पुतळा त्याच बाजारात हात लांब करून उभा आहे, इंग्लंडच्या दिशेनं असं सांगतात. सुताचे भाव वाढले की आपल्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, घराघरात काय चर्चा चालते ते ज्यानं ऐकलंय त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तर तुमचा मुद्दा. माझ्या मते लळ्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्यात आणि त्या वेगळ्या केल्या की त्रास कमी होतो. अर्धा लळा गावाचा असतो आणि अर्धा त्या वयाचा. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, रात्री अकराला एकटीनं सायकलवर यायचं आणि कुणी विचारणार नाही कुठं होतीस, हे सगळं त्या घंटेच्या आवाजाला चिकटून बसलंय. तुम्हाला नुसतं गेंट आठवत नाही, गेंटमधल्या तुम्ही आठवताय. घरच्यांना ते सांगून बघा, ‘मला तिथली मोकळीक आठवते’ असं सरळ सांगा. आईला ते बेलफ्रीपेक्षा, म्हणजे त्या घंटांच्या मनोऱ्यापेक्षा, लवकर कळेल, आयांना कळतं.

राहिला अर्धा, तो खरोखर त्या दगडांचा आहे आणि तो जाणार नाही, जायलाही नको. पण तो का लागला ते बघा. तिथं तुम्ही पायी फिरलात. संत मिखाएलच्या पुलावर उभं राहिलं की तीन मनोरे एका ओळीत दिसतात, निकोलसचं चर्च, मग बेलफ्री, मग संत बावोचं कॅथेड्रल, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार की मधला चर्चचा नाही, गावाचा आहे, त्यात गावाच्या हक्कांचे कागद पेटीत कुलूप लावून ठेवायचे, वर सोनेरी ड्रॅगन बसवलाय तो १३७७ मध्ये, त्या कागदांवर पहारा करायला. खाली लागून कापडाचा बाजार भरायचा ती इमारत. म्हणजे कापड आणि हक्क एका भिंतीला टेकून. हे एकदा कळलं की मनोरा नुसता मनोरा राहत नाही ना.

सोलापुरात आपण हे कधी केलंच नाही, आपण टू-व्हीलरवरनं जातो. बाळीवेस म्हणतो पण वेस म्हणजे गावाच्या तटाचा दरवाजा होता आणि तिथं गाव संपायचं हे तुम्हाला कुणी उभं करून दाखवलंय का? मी परत आल्यावर एका रविवारी सकाळी सहाला निघून विजापूर वेस, बाळीवेस, तुळजापूर वेस असा पायी फिरलो. वाटेत एका चहावाल्या आजोबांनी काय करायलास म्हणून विचारलं, म्हटलं वेस शोधायलोय, तर गाडा पोराच्या हवाली करून ते अर्धा तास माझ्याबरोबर चालले. किती काय काय सांगितलं त्यांनी. गेंटमध्ये मला पाट्या वाचून कळायचं, इथं विचारावं लागतं, एवढाच फरक आणि विचारलं की लोक सांगतात. आई तळ्यावर जाऊन बस म्हणते ना, जा. पण एकट्या नको, आईला घेऊन जा आणि तिला तिच्या लहानपणीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, विचारा, नंदीध्वज कुठल्या गल्लीतनं कसे यायचे ते विचारा. बेईमानी वगैरे काही नाही हो. दोन गावं सांभाळायची म्हणजे दोन घरची भाची असल्यासारखं आहे, दोन्हीकडं जीव लागतो आणि दोन्हीकडं थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

प्रश्न : मुलाला गेंटला सोडायला मी आणि मिसेस जाणार आहोत, मोजून दोन दिवस हातात आहेत. काय बघावं? आम्ही पूर्ण शाकाहारी, हिचं तर अंडंही चालत नाही. (जुळे सोलापूर)

उत्तर : काका, खाण्याची काळजी सोडा. या गावानं २००९ पासून गुरुवार हा बिनमांसाचा वार म्हणून चालवलाय, शाकाहारी जेवण मागितलं की कुणी तोंडाकडं बघत नाही. काकूंसाठी अंडं नको हे मात्र वेगळं सांगावं लागेल, ते लोक शाकाहारात अंडं धरतात. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, मुलासाठी पण ठेवून या. भाजीबाजाराच्या चौकात एक १७९० पासूनचं मोहरीचं दुकान आहे, लाकडी पिंपातनं बरणीत भरून देतात, ती मोहरी नाकात अशी चढते की आपला ठेचा आठवेल, आणि ती कडक भाकरीला लावून मी तीन वर्षं काढलीत. तिथंच जांभळ्या रंगाची नाकाच्या आकाराची गोळी मिळते, बाहेरनं कडक आत पाक, पण त्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं, काकूंना आधी सांगा.

बघायचं म्हणाल तर एक सकाळ संत बावोच्या कॅथेड्रलला द्या, व्हान आयक बंधूंचं १४३२ चं चित्र तिथं आहे, लाकडी फळ्यांवरचं, दारासारखं उघडणारं, मधोमध कोकरू. या चित्रानं काय नाही बघितलं, राज्यक्रांतीनंतरच्या फ्रेंच फौजेनं नेलं, काही फळ्या प्रशियाला विकल्या गेल्या, नाझींनी मिठाच्या खाणीत लपवलं, आणि १९३४ मध्ये एका रात्रीत चोरीला गेलेली एक फळी अजून सापडली नाही, तिच्या जागी नक्कल लावलीय. गवताचं एकेक पातं वेगळं रंगवलंय त्यात, जवळनं बघा, घाई करू नका. दुसऱ्या दिवशी किल्ला. संध्याकाळी किल्ल्यासमोरच्या चौकात जरा रेंगाळा, तिथले काही दिवे मधूनच हळू हळू जास्त उजळतात आणि परत मंद होतात. गावात बाळ जन्मलं की बाळंतिणीच्या वॉर्डात आईबाप बटण दाबतात आणि इकडं दिवा उजळतो, इटलीच्या अल्बेर्तो गारुत्ती या कलाकाराची कल्पना. याच चौकात जुन्या काळी लोकांना देहदंड द्यायचे. मला हे माहीत झाल्यापासून कामावरनं येताना मी मुद्दाम तिकडनं यायचो, कधी दहा मिनिटं थांबायचो, दिसला दिवा तर त्या दिवशी बरं वाटायचं. बाकी दुकानं-बिकानं मुलगा दाखवेल.

प्रश्न : आपण गळ्यातल्या फासाच्या मिरवणुकीचं कौतुक केलंत. ज्या सोलापूरचे चार सुपुत्र फासावर गेले त्या गावच्या माणसानं फासाची अशी मौज लिहावी हे पटलं नाही. (एक निवृत्त शिक्षक, नवी पेठ)

उत्तर : सर, तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून डोक्यात आहे. चार ओळीत लिहायला गेलो आणि अर्धवट लिहिलं, ती चूक माझी. आता पूर्ण सांगतो, मग तुम्ही ठरवा.

सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली गेंटमध्येच जन्मला. मोठा झाल्यावर अर्ध्या युरोपचा धनी झाला आणि फ्रान्सशी लढाईसाठी जन्मगावाकडं पैसा मागितला. गाव म्हणालं देणार नाही. १५४० मध्ये तो फौज घेऊन आला, काही जणांचा शिरच्छेद केला, गावाचे सगळे जुने हक्क काढून घेतले, बेलफ्रीतली मोठी घंटा काढून नेली, आणि ३ मे रोजी गावच्या पंचांना आणि कारागीर संघांच्या प्रमुखांना अनवाणी चालवत आणलं, त्यांच्यामागं नुसत्या पांढऱ्या सदऱ्यातले बंडखोर, त्यांच्या गळ्यात फास, आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्यानंतर गावाला ‘फासवाले’ म्हणून हिणवायला लागले. आता दर जुलैत गावाचा दहा दिवसांचा उत्सव असतो त्यात लोक पांढरे सदरे घालून तोच फास स्वतःहून गळ्यात घालतात आणि मान वर करून चालतात. मी ती मिरवणूक बघितली तेव्हा शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, तिनं मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आम्हाला लाजवायला घातला होता, म्हणून आम्ही काढला नाही. तिच्या त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला होता. मी कौतुक केलं ते त्याचं.

पण सर, तुलना होत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, शंभर टक्के. मे १९३० मध्ये आपल्या गावावर मार्शल लॉ लावला, डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. गेंटच्या पंचांनी गुडघे टेकले होते. तो फास अपमानाचा होता, हा बलिदानाचा, दोन्ही एका वाक्यात बसवायला नको होते. फक्त एक मनात येतं ते लिहितो. चार नावं मोठ्यानं वाचली तर चार वेगळ्या घरांतली माणसं आहेत हे कानालाच कळतं, लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. दर १२ जानेवारीला चौकात पुतळ्यांना हार पडतात, पण शाळेतली पोरं हुतात्म्यांच्या गल्ल्यांतनं पायी नेलीत तर? तुम्ही शिक्षक आहात, तुमच्याशिवाय कोण करणार हे. तुम्ही पुढं होणार असाल तर पाण्याच्या बाटल्या, नाश्ता, पोरांना रस्ता ओलांडून देणं हे सगळं माझ्याकडं.

प्रश्न : मी मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, मिल बंद पडली तेव्हा पोरगी सातवीत होती. तुम्ही लिहिलं की तिथं मिलचं म्युझियम केलंय. त्यात काय ठेवलंय? कामगारांचं काही आहे का नुसत्या मालकाचे फोटो? (वाचक, साखर पेठ)

उत्तर : मामा, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, निवांत उत्तर द्यायचं म्हणून. माझे वडील पण मिलमध्येच, जॉबर म्हणजे मुकादम होते.

आधी एक गोष्ट. लीव्हन बाउवेन्स नावाचा गेंटचा माणूस, मूळ कातड्याच्या धंद्यातला. त्या काळी इंग्लंडमधनं सूतकताईची यंत्रं बाहेर न्यायला बंदी होती. यानं १७९८ च्या सुमारास म्यूल नावाचं यंत्र सुटं सुटं करून साखर-कॉफीच्या मालात लपवून आणलं आणि गावात कताईची गिरणी टाकली, त्यातनं गेंट कापसाच्या सुताचं गाव झालं. नेपोलियननं त्याचा सन्मान केला. पुढं १८१४ मध्ये दिवाळं निघालं आणि तो पॅरिसला मेला. त्याचा पुतळा आहे. आणि मी वर ज्या किल्ल्याचं कौतुक सांगितलं ना, त्या किल्ल्यातच एकोणिसाव्या शतकात सूतगिरण्या चालायच्या, आणि भिंतीला चिकटून कामगारांच्या खोल्या होत्या. नंतर गावानं तो विकत घेतला, डागडुजी केली आणि १९०७ मध्ये लोकांना खुला केला. खोल्या गेल्या. आज आत हिंडताना भोंगा, सूत, कामगार यातलं काही दिसत नाही, नुसत्या तलवारी दिसतात. हे मला अजिबात आवडलं नाही आणि तिथल्या मित्रांना मी ते बोलूनही दाखवलं.

म्युझियम मात्र वेगळं, ते जुन्या सूतगिरणीच्याच बिल्डिंगमध्ये आहे, कित्येक मजले, लाकडी जमीन, तेलाचा वास अजून येतो. म्यूल तिथं ठेवलंय. मी गेलो तेव्हा एका मजल्यावर वयस्कर माणसानं माग चालू करून दाखवला. खटाक खटाक सुरू झालं आणि बघायला आलेल्या पोरांनी कानावर हात ठेवले, आणि माझे डोळे भरून आले, कारण तो आवाज मला झोपेतला आवाज आहे. माग थांबल्यावर त्यानं मला धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारं लाकूड, हातात दिला. लाकूड हाताच्या घामानं काळं गुळगुळीत झालेलं, दोन्ही टोकांना लोखंडी नाक, बाजूला दोरा निघायचं भोक, आणि ते भोक एका अंगानं झिजलेलं. वडिलांनी घरी एक तुटका धोटा आणलेला, आम्ही त्याची होडी करून खेळायचो, त्याचं भोक पण त्याच अंगानं झिजलेलं होतं. मी त्या माणसाला खाणाखुणा करून सांगितलं की माझे वडील, माग, इंडिया. त्याला कळलं. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, मी पण, मग हाताची बोटं दाखवली, एक पेर नव्हतं.

तर कामगार आहेत का विचारता, आहेत. कामगारांच्या घरातलं सामान, संपाचे फोटो, पोरांनी किती तास काम केलं त्याच्या गोष्टी. आणि गावात व्होरआउट नावाची एक प्रचंड इमारत आहे, थिएटर, बॉलरूम, कॅफे सगळं त्यात, ती कामगारांच्या सहकारी संस्थेनं बांधली, पहिल्या महायुद्धाच्या आधी. पावाच्या बेकरीपासून सुरू झालेली संस्था. त्या बॉलरूममध्ये बसलं की वाटतं, हे आपल्या लोकांनी आपल्यासाठी बांधलं.

मामा, वडिलांचा तो धोटा घर बदलताना कुठं गेला मला माहीत नाही, आईलाही आठवत नाही, मी पाच-सहा वेळा माळा उपसलाय. तुमच्याकडं मिलचा पास, पगाराचं पाकीट, धोटा, कांडी, जॉबरचा पान्हा, काहीही असेल तर भंगारात देऊ नका. पोरगी फेकू म्हणाली तरी नको. मी येत्या रविवारी सकाळी साखर पेठेत येतो, संपादकांकडं फोन नंबर देऊन ठेवा. चहा तुमच्याकडं, शेंगापोळी मी घेऊन येतो, आणि त्या अठ्ठावीस वर्षांतला पहिला दिवस कसा होता तिथनं सांगायला सुरुवात करा, मी वही आणतोय.